पिंपातल्या पैशांवर तगलेला संघ

हिरोशिमा म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते, 6 ऑगस्ट 1945. त्या सकाळी सव्वाआठ वाजता अणुबॉम्ब पडला आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं गेली. हिरोशिमाकरांना मात्र आणखी एक साल तोंडपाठ असतं, ते म्हणजे 1975. त्या साली त्यांच्या बेसबॉल संघाने पहिल्यांदा लीग जिंकली. आज मी या संघाविषयी, हिरोशिमा कार्पविषयी बोलणार आहे.

पुण्यात जपानी शिकल्यावर दुभाषाच्या कामानिमित्त माझं हिरोशिमाला काही वेळा जाणं झालं. टॅक्सीवाला असो की खानावळीची मालकीण, बोलणं फिरून कार्पवर यायचं. आपल्याकडे क्रिकेटचं असतं तसंच हे, असं मला आधी वाटलं. पण त्यांच्या बोलण्यात नुसतं कौतुक नव्हतं, हक्क होता. घरातल्या मुलावर रागवावं तसे ते संघावर रागवायचे. हा हक्क कुठून आला, ते हळूहळू कळत गेलं.

जपानमध्ये बेसबॉल 1870च्या दशकात अमेरिकी शिक्षकांनी आणला आणि तो तिथलाच होऊन गेला. महायुद्धानंतर व्यावसायिक संघ वाढले. 1950 साली दोन लीग झाल्या, सेंट्रल आणि पॅसिफिक. दोघींतला एकेक संघ शेवटी जपान सिरीजमध्ये भिडतो. बहुतेक संघांमागे कुणीतरी धनको होता. टोकियोच्या जायंट्समागे योमिउरी हे बडं वृत्तपत्र, हानशिन टायगर्समागे रेल्वे कंपनी. अशा मंडळींत हिरोशिमाने आपला संघ उतरवला, तोही बॉम्बनंतर चार-पाच वर्षांत, शहर अजून झोपड्यांत राहत असताना. त्याच्यामागे कुठलीच मोठी कंपनी नव्हती. आसपासच्या गावांनी, नगरपालिकांनी आणि नागरिकांनी मिळून तो उभा करायचा होता. नाव ठेवलं कार्प, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. हिरोशिमाच्या किल्ल्याचं जुनं नावच मुळी ‘कार्पचा किल्ला’ असं आहे. धबधबा चढून जाणारा हा मासा ड्रॅगन होतो, अशी तिकडे आख्यायिका आहे.

धबधबा मात्र उंच होता. पहिल्या हंगामात कार्पने 41 सामने जिंकले आणि 96 हरले. आठ संघांत आठवा नंबर. खेळाडूंचे पगार थकले. 1951च्या मार्चमध्ये संघ गुंडाळून शिमोनोसेकीच्या संघात विलीन करायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, शुइची इशिमोतो आडवे आले. ते स्वतः हिरोशिमाचे. त्यांनी गावोगाव फिरून समर्थक मंडळं काढली आणि सभांतून लोकांपुढे हात पसरला. मैदानाच्या दारात साके ठेवायची मोठी लाकडी पिंपं मांडली गेली. येणारा-जाणारा त्यात जमेल तेवढे पैसे टाकायचा. ज्यांना स्वतःच्या घराचं छप्पर अजून धड करता आलं नव्हतं, असे लोक त्यात होते. याला जपानीत ‘तारु-बोकिन’ म्हणतात, पिंपातली वर्गणी. आपल्या मराठीत तारू म्हणजे जहाज. शब्दांचा मेळ योगायोगाचा, पण त्या वर्षी पिंपानेच संघ तारला, हे खरं.

आपण देवळं, शाळा, वाचनालयं लोकवर्गणीतून उभी केली आहेत. वर्गणी दिलेल्या माणसाचं त्या वास्तूशी नातं वेगळं असतं. पावती हरवली तरी नातं राहतं. कार्पचं तसंच झालं.

जुलै 1957 मध्ये शहराच्या मधोमध नवं मैदान झालं. स्थानिक उद्योगांनी त्यासाठी पैसा दिला. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे आले. रस्त्याच्या पलीकडेच अणुबॉम्बने उद्ध्वस्त केलेली घुमटाची इमारत होती. एकीकडे सांगाडा आणि समोर आरोळ्या ठोकणारी गर्दी. हे जुनं मैदान मी पाहिलं आहे. दोन्ही गोष्टी इतक्या जवळ कशा, हा प्रश्न तिथे कुणालाच पडत नाही, याचंच मला नवल वाटलं.

1968 साली तोयो कोग्यो, म्हणजे पुढे माझदा नावाने ओळखली गेलेली तिथलीच मोटार कंपनी, संघाच्या कारभारात पुढे आली. पण संघाने स्वतःच्या कमाईवर चालायचं, हा शिरस्ता पडला. यश काही येईना. 1975 मध्ये अमेरिकी मॅनेजर जो लुट्झ यांनी टोपी लाल केली. ते हंगामाच्या सुरुवातीलाच सोडून गेले, लाल रंग राहिला. ताकेशी कोबा यांनी सूत्रं घेतली आणि 15 ऑक्टोबरला, टोकियोत, जायंट्सच्याच मैदानावर कार्पने लीग जिंकली. मिरवणुकीला लाखो लोक लोटले. त्यांत काहींच्या हातात आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो होते. ज्यांना हा दिवस बघायला मिळाला नाही, त्यांना तो दाखवायला आणलं होतं.

पुढे 1979, 1980 आणि 1984 मध्ये जपान सिरीजही जिंकली. त्या संघात साचिओ किनुगासा होता. वडील कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक, आई जपानी. त्या काळच्या जपानमध्ये असं मूल असणं सोपं नव्हतं. 1979 मध्ये चेंडू लागून त्याचं खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो मैदानात हजर. तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हुकली. एक प्रेक्षकांसाठी, एक स्वतःसाठी आणि एक काल चेंडू लागल्याने कष्टी झालेल्या त्या पिचरसाठी, असं त्याने नंतर सांगितलं. हा गडी सलग 2215 सामने खेळला. 1987 मध्ये त्याने अमेरिकेच्या लू गेरिगचा 2130 सामन्यांचा विक्रम मागे टाकला होता.

स्वावलंबनाची किंमतही कार्पने मोजली. 1993 पासून खेळाडूंना ठरावीक वर्षांनंतर संघ बदलायची मोकळीक मिळाली आणि श्रीमंत संघांनी कार्पचे तयार गडी उचलायला सुरुवात केली. कानेमोतो गेला, अराई गेला. 1991 नंतर लीग जिंकायला 25 वर्षं लागली. लोकवर्गणीचा संघ आहे म्हणून खेळाडूने कमी पैशांत आयुष्य काढावं, असं आपण कुणाला सांगू शकत नाही. म्हणूनच हिरोकी कुरोदाची गोष्ट मोठी वाटते. न्यूयॉर्क यांकीजकडे खेळणारा हा पिचर अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या रकमा नाकारून 2015 मध्ये कार्पकडे परतला. त्याच वर्षी अराईही आला. 10 सप्टेंबर 2016 रोजी टोकियोत कार्पने जायंट्सला हरवून लीग जिंकली. त्या दिवशी पिचर होता 41 वर्षांचा कुरोदा.

मधल्या काळात पिंप पुन्हा बाहेर आलं होतं. 2004 मध्ये नव्या मैदानासाठी त्याच पद्धतीने वर्गणी सुरू झाली. 2009 मध्ये रेल्वे स्टेशनजवळ ते मैदान उभं राहिलं. रुळांच्या बाजूला मोकळी जागा सोडली आहे, जाणाऱ्या गाडीतूनही क्षणभर खेळ दिसावा म्हणून. 6 ऑगस्ट 2015च्या सामन्यात कार्पचे सगळे खेळाडू एकाच क्रमांकाचा शर्ट घालून उतरले, 86. आठवा महिना, सहावी तारीख.

जपान सिरीजचं विजेतेपद 1984 नंतर 2025 च्या हंगामापर्यंत तरी कार्पला पुन्हा मिळालेलं नाही. तरीही स्टँड लाल रंगाने भरतात. आजकाल संघ विकत घेतले जातात, नावं बदलतात, शहरंही बदलतात. त्यात गैर काही नाही, धंदा आहे तो. पण मोडलेल्या शहराने खिशातली नाणी टाकून जगवलेला संघ अजून त्याच शहरात खेळतो आहे. आजोबांनी पिंपात टाकलेल्या पैशांवर नातवंडं अजून हक्क सांगतात आणि संघ तो मान्य करतो, मला वाटतं हीच कार्पची खरी मिळकत आहे.