लावणी नेमकी कुणाची?

आज बचतीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही. आज आपण लावणीबद्दल बोलणार आहोत. लावणीचं नाव काढल्याबरोबर काही जणी हसल्या असतील, काही जणींनी रेडिओचा आवाज कमी केला असेल. राहू द्या आवाज आहे तसाच. सासरेबुवांनीही ऐकावं असंच बोलणार आहे.

लावणी हा शब्द आला कुठून, यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, लवण म्हणजे मीठ. मिठानं जेवणाला चव येते तशी हिच्यानं गाण्याला येते, म्हणून लावणी. कुणी म्हणतं, लावण्यावरून लावणी. कुणी भाताच्या लावणीशी नातं जोडतं. आपण सरकी टोबणारी माणसं, म्हणून तो अर्थ आपल्याला पटकन सुचत नाही. आणि कुणी म्हणतं, शब्दाला शब्द नीट लावत जायचं, ती लावणी.

जन्माबद्दलही असाच वाद आहे. लावणी पेशवाईत, मोठ्या लोकांच्या करमणुकीसाठी वाढली, असं पुष्कळांचं म्हणणं. त्या काळात ती बहरली हे खरंच. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, सिन्नरचे परशराम, होनाजी बाळा, सगनभाऊ हे शाहीर त्याच सुमाराचे. जात-धर्मही बघा कसे एकत्र आले: राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान.

पण दुसरी बाजू म्हणते, लावणी त्याच्याही आधीची आणि भक्तीतून आलेली. जुन्यात जुनी लावणी म्हणून अभ्यासक मन्मथस्वामींचं नाव घेतात. सोळाव्या शतकातले हे संत. त्यांची समाधी आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, कपिलधारला आहे. ती लावणी कऱ्हाडच्या भवानीवर आहे. पुढं कलगी-तुऱ्याचे सामने रंगायचे, तेही लावणीतूनच. तुरेवाले शिवाला मोठं म्हणायचे, कलगीवाले शक्तीला. पुरुष मोठा की स्त्री, हा वाद रात्र रात्र डफ-तुणतुण्यावर चालायचा.

लावणीच्या तऱ्हाही अनेक. फडाची लावणी ढोलकीवर, उभ्यानं, हजारो लोकांपुढं नाचून म्हणायची. बैठकीची लावणी बसून, पेटी-तबल्यावर, थोड्या लोकांसमोर. तिथं पायांपेक्षा डोळे आणि बोटं जास्त बोलतात, आणि एकच ओळ दहा प्रकारे सांगायची असते. त्याशिवाय चटकदार छक्कड आहे, विरहाची बालेघाटी आहे. शृंगाराच्या लावण्या आहेत, तशा निर्गुणी, आध्यात्मिकही आहेत.

आता हा वाद आपल्या कामाचा का, ते सांगते. लावणी मौजेतून आली म्हटलं, की नाचणारी बाई मौजेची वस्तू ठरते. लावणी भक्तीतून आली म्हटलं, की गाणं पवित्र होतं, पण नाचणारी बाई दाराबाहेरच राहते. दोन्हीकडे शाहिरांची नावं आहेत, बायकांची नाहीत. पेशवाईत तर स्त्रीवेष घेऊन नाच्या पोरंच नाचायची. बाई फडावर उभी राहिली त्यानंतर.

अशीच गोष्ट लांबच्या एका नाचाची आहे. पुण्या-मुंबईत साल्साचे क्लास चालतात, टीव्हीवरच्या स्पर्धांत तुम्ही तो नाच पाहिला असेल. स्पॅनिश भाषेत साल्सा म्हणजे चटणीसारखं तोंडीलावणं, आणि त्या शब्दाचं मूळही मिठातच आहे. क्युबावाले म्हणतात नाच आमचा, पोर्तो रिकोवाले म्हणतात आमचा. न्यूयॉर्कवाले म्हणतात, 1960-70च्या काळात आमच्या वस्त्यांतच त्याला हे रूप आलं. मूळ ताल मात्र आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचा. त्या गरिबांचा नाच आज फी भरून शिकतात आणि लेकीचं कौतुक करतात. त्याच घरात लावणी शिकते म्हटलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.

म्हणून बायकांची नावं घेऊ. पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, दलित घरची. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या लोकांपर्यंत गेल्या त्या तिच्या गळ्यानं आणि पायांनी. विठाबाई नारायणगावकर गरोदरपणातही फडावर नाचल्या. खेळ चालू असतानाच पडद्यामागं बाळंत झाल्या, अशी त्यांची हकिकत आजही सांगतात. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले. बैठकीच्या लावणीच्या यमुनाबाई वाईकर यांना 2012 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली आलं. आई नाचणारी, म्हणून बापाच्या जागी आईचं नाव लावणारा हा मुलगा डॉक्टर झाला. नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर अख्खं घर जगतं, पण घरात तिचा शब्द चालत नाही, हे त्या पुस्तकात आहे. पैसा बाईचा आणि निर्णय दुसऱ्याचा, हे आपल्या गटांतल्या बायकांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता करायचं काय? दसऱ्यापासून फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात गावोगाव यात्रा असतात. नारायणगावला राहुट्या लागतात, गावकरी तिथं जाऊन सुपारी देतात. सुपारीचा आकडा पुरुष ठरवतात, ते ठरवू देत. आपल्या गावात यात्रेला फड आला, तर गटानं यात्रा समितीला तीन गोष्टी विचाराव्यात. फडातल्या बायकांना आंघोळीला आणि कपडे बदलायला आडोसा कुठं आहे? संडास उघडा आहे का, की कुलूप लावलंय? खेळ संपल्यावर रात्री त्यांच्या तंबूकडे कुणी फिरकणार नाही, हे कोण बघणार? शाळेची किंवा समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते, हे आपल्याला ठाऊक असतंच. त्यांच्यासोबत लेकरं असली, तर अंगणवाडीताईंना निरोप द्या.

आणि एक. आपल्याच तोंडात एक शिवी आहे. भांडणात पटकन निघते, 'तमाशातली' म्हणून. ती शिवी आपल्या बैठकीत तरी बंद करू. लावणी कुठून आली याचा निकाल जाणकार लावतील तेव्हा लावतील. ती म्हणणारी बाई आपल्या गावात दोन दिवस मुक्कामाला येते, तिचं काय ते आपण बघू.

रामराम.