हात आधी की मन आधी?



‘डॉक्टर आहेस, पण मधुमेहावर बोलू नकोस,’ अशी संयोजकांची अट आहे. म्हणून मेंदूवर बोलतो. ‘मेंदू आधीच ठरवतो, आपल्याला मागून कळतं,’ हे वाक्य आपल्या ग्रुपवरही येऊन गेलं आहे. ते आलं कुठून?

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेंजामिन लिबेट यांनी केलेला हा प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. मनात येईल तेव्हा हात हलवा, एवढंच काम. समोरच्या तबकडीवर प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचं. डोक्याला मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या तारा. हात हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच संकेत चढू लागत होता. इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या जेमतेम ०.२ सेकंद आधीची.

आता, इच्छा कधी झाली हे ठिपका बघून सांगणं मला जरा डळमळीत वाटतं. मागच्या बाकावरच्यांनी आपल्याला डुलकी नेमकी कितव्या सेकंदाला लागली, ते सांगून पाहावं! पण तो मुद्दा सोडू. २०१२ मध्ये आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी मूळ चढावरच शंका घेतली. मेंदूतले संकेत सतत वरखाली होत असतात. हात आत्ता हलवायचा की नंतर, याला काहीच कारण नसेल, तर असाच एखादा चढ काठ ओलांडतो आणि हात हलतो. म्हणजे तो चढ हा झालेला निर्णय असेलच असं नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१९ मधला उरी माओझ यांच्या गटाचा प्रयोग. दोन सेवाभावी संस्थांपैकी एक निवडायची. कधी त्या निवडीवर १००० डॉलरची देणगी कुणाला हे अवलंबून, तर कधी काहीही निवडा, दोघींना सारखेच पैसे. दोन्ही वेळा बटण दाबायचं तसंच. काहीच बिघडणार नव्हतं तिथे तो चढ दिसला. निवडीला अर्थ होता तिथे जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून बोट हलवण्यावरून आयुष्यातल्या निर्णयांबद्दल बोलणं मला घाईचं वाटतं.

हे सांगायचं कारण, व्यसन सोडायला येणारे काही जण मला विचारतात, “मेंदूच ठरवतो, तर माझा काय दोष?” ग्लासाकडे जाणारा हात खरोखर सवयीनं, कळायच्या आत जात असेल, त्यावर मी वाद घालत नाही. मी संध्याकाळचं विचारतो. कामावरून कुठल्या रस्त्यानं निघालात? खिशात किती पैसे ठेवले होते? कुणाचा फोन उचललात? तिथे अर्धा सेकंद नसतो, चांगला तासभर असतो. काही जणांनी रस्ता बदलून पाहिला आहे. लांबचा पडतो, अशी तक्रार करतात, पण पुढच्या तारखेला येतात.