घराला हात कधी लावायचा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत पस्तीस वर्षं लोकांच्या घरकर्जाचे कागद तपासले. पण स्वतःच्या घराच्या दुरुस्तीचा निर्णय चुकलो. आज तेच सांगायला उभा आहे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपजवळ गळती सुरू झाली. खालच्या वहिनी दोनदा सांगून गेल्या. मी म्हणायचो, "अहो, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता खर्च कशाला?" असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. ओल पसरत त्यांच्या शेजारच्या खोलीच्या छतापर्यंत गेली आणि एका रात्री प्लास्टर खाली आलं. नातवाच्या कॉटपासून हातभर अंतरावर! वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

त्यातून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पाणी, वीज आणि पडझड यांना थांबवायचं नाही. रंग, फर्निचर, फॉल्स सीलिंग खुशाल थांबू द्या. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपलं तर खर्च सोसायटीचा, पण आपल्या संडास-बाथरूमची गळती ही आपलीच जबाबदारी, हे उपविधींतच आहे.

15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट 5 वर्षांतून एकदा करायचं असतं. आपली इमारत पंचविशीची. तो रिपोर्ट वाचा आणि मगच मोठा खर्च ठरवा. इमारत पाडायचं नक्की झालं असेल तर गळती थांबवा, संगमरवर नको!

काम शक्यतो दिवाळीनंतर काढा, तोवर भिंती सुकलेल्या असतात. आधी पाइप आणि वायरिंग, मग वॉटरप्रूफिंग, शेवटी टाइल्स. टाइल्स बसवण्याआधी पाणी तुंबवून निदान 24 तास ठेवा आणि खालच्या घरी जाऊन स्वतः छत बघा. आपल्या वयाला खरखरीत टाइल्स आणि भिंतीला धरायचा दांडा हवाच.

कमिटीची लेखी परवानगी घ्या. कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरकडून अंदाजपत्रक लेखी घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता महिनाभर गळती नाही हे बघूनच. अंदाजापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त धरा. आणि ज्या एफडीच्या व्याजावर घर चालतं, ती मोडू नका, बरं का!

दोन वर्षांपूर्वी आमचं काम झालं. आता वहिनींकडचं छत कोरडं आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडून चकल्यांचा डबा आला. डबा रिकामा कसा पाठवायचा? सौ.नं लाडू भरून दिले, आणि तो घेऊन या वेळी मी स्वतः जिना उतरलो. त्या गळतीसाठी मी कधीच उतरलो नव्हतो.