एक चमचा म्हणजे किती?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मापन हा घटक मुलांना कसा शिकवावा, याचा विचार आपण सकाळपासून करीत आहोत. माझ्याकडे सोपविलेला विषय वरकरणी त्याहून निराळा आहे. ताप, कानदुखी, मुका मार अशा प्रसंगी डॉक्टर मुलांना जे गोड, रंगीत, वेदनाशामक पातळ औषध लिहून देतात, ते सुरक्षितपणे कसे वापरावे, हा तो विषय होय. परंतु हाही मापनाचाच पाठ आहे, असे मी म्हणेन. कारण येथे माप चुकले म्हणजे औषधच चुकले.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. ती लपवून आपणांस उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. दुसरीतला एक मुलगा दुपारी तापाने फणफणला. शाळेच्या पेटीत पॅरासिटामॉलची बाटली होती. मी त्याला चमचाभर औषध पाजिले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने पुन्हा पाढे घेऊ लागलो. सायंकाळी कळले की, आदल्या रात्री आजीने थोरल्या नातवाच्या बाटलीतून त्याला औषध दिले होते, पहाटे आईने दिले होते आणि शाळेत निघताना काकानेही दिले होते. बाटल्या निराळ्या, नावे निराळी, आतील औषध मात्र एकच; आणि घरचा चमचा होता पोहे खाण्याचा. मुलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात त्याचे रक्त तपासले, तीन दिवस ठेवून घेतले, आणि सुदैवाने तो बरा होऊन घरी आला. चौघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कोणी कोणाला विचारले नव्हते, इतकेच. पण शेवटचा चमचा माझा होता, हे मी आजतागायत विसरलेलो नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. औषधाची मात्रा चमच्यावरून नव्हे, तर मुलाच्या वजनावरून ठरते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांमध्ये निदान चार तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा होऊ नयेत. म्हणजे १६ किलो वजनाच्या मुलास एका वेळी १६० ते २४० मिलिग्रॅम. आता दुकानातील बाटल्या पाहा. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तितक्याच औषधात २५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकते. “बाळाचे औषध, म्हणजे सौम्यच असणार,” असे समजून आईने त्याचा ५ मिलिलिटरचा चमचा या मुलाला दिला, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले. म्हणजे योग्य मात्रेच्या दुपटीहूनही अधिक! हे आकडे मी आपणांस समजण्यासाठी सांगितले. मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम आहे. ठरविलेली मात्रा मोजून देणे हे आपले.

हा हिशोब मुलांच्याही गळी उतरविता येतो. प्रत्येक मुलास घरून एक चमचा आणावयास सांगावे. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे टोपण घ्यावे आणि प्रत्येक चमच्यातील पाणी त्यात ओतून मोजावे. पाठासाठी औषध नव्हे, पाणीच वापरावे. मी एका शाळेत हा पाठ घेतला, तेव्हा कोणता चमचा ५ मिलिलिटरलाही पुरला नाही, तर कोणता दुपटीच्या जवळ गेला. त्या दिवशी मुलांनी घरी जाऊन जे सांगितले, ते माझ्या दहा भाषणांनी साधले नसते.

दुसरा मुद्दा मिश्र औषधांचा. काही बाटल्यांत ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी दोन औषधे एकत्र असतात. अशी बाटली चालू असता निराळे पॅरासिटामॉल दिले की मात्रा नकळत दुप्पट होते. म्हणून बाटलीवरील मोठे नाव वाचून थांबू नये. खालची बारीक अक्षरांतील घटकांची नावे वाचावीत. औषध तळाशी बसत असेल, तर बाटली हलवूनच माप घ्यावे. नाहीतर आरंभी पातळ आणि शेवटी तीव्र मात्रा जाते.

आयबुप्रोफेनने पोटात जळजळ होते, क्वचित आतून रक्तस्राव होऊन शौचास काळे होते. म्हणून ते काही खाल्ल्यानंतर द्यावे. जुलाब-ओकाऱ्यांनी अंगातील पाणी कमी झालेल्या मुलाच्या मूत्रपिंडास ते अपाय करू शकते. दम्याच्या काही मुलांचा दमा त्याने वाढतो. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल, तर ते मुळीच देऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीही देऊ नये. विषाणुजन्य तापात त्यामुळे मेंदू व यकृत यांचा दुर्मीळ पण घातक विकार जडू शकतो. निमेसुलाइड हे औषध तर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारत सरकारने २०११ मध्येच निषिद्ध ठरविले आहे. घरात जुनी बाटली पडून असेल, तर ही गोष्ट पालकांस अवश्य सांगावी.

दुखणे हत्तीच्या पायाने येते, असे आपण म्हणतो. पॅरासिटामॉलचा यकृतावरील घाला मात्र मुंगीच्या पायाने येतो. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी मूल हसते-खेळतेही असू शकते. ओकाऱ्या, उजव्या बरगडीखालील दुखणे, डोळ्यांचा पिवळेपणा ही लक्षणे मागाहून दिसतात. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून अतिमात्रेचा संशय येताच, मूल बरे दिसत असले तरी, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून त्यास रुग्णालयात पोचवावे. बोटे घालून ओकारी काढू नये. बाटली बरोबर न्यावी. बाटलीवरील तुकडीचा क्रमांकही मोलाचा असतो. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने अनेक बालके दगावली, तेव्हा कोणती बाटली वापरू नये, हे लोकांना अशा क्रमांकावरूनच सांगण्यात आले.

मग शिक्षकाने काय करावे? पहिली गोष्ट, आपल्या मनाने कोणत्याही मुलास औषध देऊ नये. ताप असेल तर सावलीत निजवावे, पाणी पाजावे, कपडे सैल करावेत, पालकांस बोलवावे आणि आशा कार्यकर्ती वा आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. दुसरी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार पालकांनी शाळेच्या वेळेत औषध देण्यास लिहून दिले असेल, तर मुलाचे नाव, औषध, मात्रा व वेळ वहीत लिहावी आणि घरून आधी केव्हा दिले, हे विचारूनच द्यावे. तिसरी, पालकसभेत एक सोपी सवय सांगावी: औषध दिले की त्याची वेळ भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावयाची. ज्या घरात ती लिहिली जाते, तेथे आजीला कळते की आईने दिले आहे. चौथी, उरलेले औषध दुसऱ्या मुलासाठी राखून ठेवू नये, आणि त्यास ‘गोड सरबत’ म्हणून मुलास फसवू नये. सरबत म्हटले की मूल ते आपल्या हाताने पिण्यास शोधीलच.

बंधुभगिनींनो, त्या दुपारी मी एकच प्रश्न विचारावयास हवा होता : “बाळ, आज तुला घरी औषध कोणी दिले का?” तो प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आपण तो प्रत्येक वेळी विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.