‘मॅडम, तुम्हीच नको म्हणाला होता’

जळोचीकडून बारामतीत तपासणीला येणाऱ्या बायका धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल कधी हुज्जत घालत नाहीत. सासूनंही ते घेतलेलं असतं.

करोनाच्या लशीचं तसं नव्हतं. मे 2021मध्ये अठरा वर्षांवरच्यांना ती खुली झाली, पण गरोदर बायकांना वगळलं होतं. 2 जुलैला त्यांनाही परवानगी मिळाली. पंधरा दिवसांनी पाचव्या महिन्यातली एक सून समोर बसली. म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या महिन्यात तुम्हीच नको म्हणाला होता. आता काय बदललं?"

खरं सांगते, मला राग आला. बाहेर वीस जणी खोळंबल्या होत्या. पण प्रश्न चोख होता. तिला सांगितलं, की पहिल्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, म्हणून आमच्या हाती माहिती नव्हती. पुढं अमेरिकेत हजारो गरोदर बायकांनी लस घेतली, बाळांना धोका दिसला नाही. तिकडच्या लशी वेगळ्या होत्या, हेही लपवलं नाही. मात्र गरोदरपणात करोना जास्त बळावतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती वाढते. लशीनं दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल.

"हे आत्याबाईंना सांगाल का?" ती म्हणाली.

सासूबाई बाहेर चपलांपाशी बसल्या होत्या. आत येऊन सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्या लेकीला दिली असती का?"

माझ्या भाचीला सातवा महिना होता. तिनं आदल्याच दिवशी लस घेतली होती. मी तिला फोन लावला आणि सासूबाईंच्या हातात दिला.