शंभर वर्षांपूर्वींचें भूत

श्रोतेहो, भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याचें माझें वय नव्हे, आणि तो माझा पेशाहि नव्हता. मॅट्रिक होऊन मी शाळामास्तर झालों आणि चौतीस वर्षें मुलांना व्याकरण व इतिहास शिकवीत आलों. अमावास्येच्या रात्रीं पिंपळाखालून जाण्यास जीं मुलें भीत, त्यांचा हात धरून मीं त्यांना तेथून नेलें आहे. असें असतां आज एका भुताविषयींच मी आपल्याशीं दहा मिनिटें बोलणार आहें. हें भूत आपल्याकडचें नव्हे, जर्मनींतलें आहे. आणि तें मला भेटलें गेल्या पावसाळ्यांत, माझ्याच घरीं, पडद्यावर.

माझी नात महाविद्यालयांत चित्रपटकलेचा अभ्यास करते. एके संध्याकाळीं ती म्हणाली, "आजोबा, तुम्हांला एक मूकपट दाखवितें. पण घाबरायचें नाहीं हं!" मी म्हणालों, "शंभर वर्षांपूर्वींच्या मुक्या भुताला भिण्याइतका मी अजून म्हातारा झालों नाहीं." तिनें दिवे मालवले आणि आम्ही दोघें पाहूं लागलों.

चित्रपटाचें नांव 'नोस्फेराटू'. ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांतील संगमरवरी दालनांत तो प्रथम दाखविण्यांत आला. त्याचे दिग्दर्शक फ्रीड्रिश विल्हेल्म मुर्नाऊ हे पहिल्या महायुद्धांत वैमानिक होते. ज्या संस्थेनें तो काढला तिच्या नांवाची मला मौज वाटली : 'प्राना', म्हणजे आपला संस्कृत 'प्राण'. दुर्दैवानें या संस्थेचा प्राण एकाच चित्रपटांत गेला. कथा ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून घेतलेली, पण परवानगीवांचून. पात्रांचीं नांवें तेवढीं बदललीं; ड्रॅक्युलाचा झाला सरदार ऑर्लोक. स्टोकर १९१२ सालींच वारले होते. त्यांच्या पत्नीनें दावा लावला, आणि १९२५ सालीं न्यायालयानें चित्रपटाच्या सर्व प्रति नष्ट करण्याचा हुकूम दिला. परंतु कांहीं प्रति तोंवर परदेशीं पोंचल्या होत्या. त्या वांचल्या, आणि त्यांवरूनच जाणकारांनीं पुढें तो चित्रपट पुन्हा जुळविला.

येथें मला आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. ज्याला कोर्टानें मारलें तें भूत जगलें. आणि १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र', ज्याच्यावर कोणाचाहि रोष नव्हता, तो मात्र आज आपल्या हातीं पुरा नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं. तोंवर आपले बहुतेक मूकपट नाहींसे झाले होते. शत्रूनें जाळण्यापेक्षां घरच्यांनीं विसरणें अधिक घातक, असें मी वर्गांत सांगत असें. त्याचा दाखला एका भुताच्या चित्रपटांत मिळेल असें वाटलें नव्हतें.

आतां कथा. हुटर नांवाचा एक तरुण कारकून. त्याचा मालक घरांच्या खरेदी-विक्रीची दलाली करतो. दूर डोंगरांत राहणाऱ्या एका सरदाराला विस्बोर्ग गांवीं घर हवें आहे, आणि जें घर ठरतें तें हुटरच्या घरासमोरचेंच. तरुण बायकोला, एलेनला, मागें ठेवून हुटर कागदपत्रें घेऊन निघतो. वाटेंतल्या खाणावळींतले लोक त्याला थांबवूं पाहतात; तो हंसतो. पिशाच्चांविषयींचें एक पुस्तक त्याच्या हातीं पडतें. तें तो फेकून देतो. मीहि त्याच्याबरोबर हंसत होतों. नटांचे ते मोठाले हातवारे आणि खेळण्यासारखी तुरुतुरु धांवणारी ती घोडागाडी पाहून मला वाटलें, ह्यांत भिण्यासारखें काय आहे?

माझें हंसूं थांबलें तें ऑर्लोक दारांत उभा राहिला तेव्हां. उंच, ताठ, टक्कल पडलेला, पुढचे दोन दांत उंदरासारखे, बोटांपेक्षां नखेंच लांब. तो कांहीं करीत नाहीं, नुसता उभा राहतो. हें काम ज्या नटानें केलें त्याचें नांव माक्स श्रेक. जर्मन भाषेंत 'श्रेक' म्हणजे धसका. आणि हें त्याचें खरेंच आडनांव होतें! चित्रपटभर तो फार थोडा वेळ दिसतो. पुष्कळदां तर त्याची सांवलीच दिसते. जिना चढणारी ती वांकडी सांवली पाहतांना मीं खुर्चीचा हात घट्ट धरला होता, हें नातीनें मला मागाहून सांगितलें.

ह्या भीतीचें एक कारण मला असें वाटतें, कीं भोंवतालचें सारें खरें आहे. सरदाराचा किल्ला म्हणजे आजच्या स्लोव्हाकियांतील ओराव्हाचा किल्ला. गांव म्हणजे पुष्कळसें विस्मार. आणि त्यानें विकत घेतलेलें ओसाड घर म्हणजे ल्यूबेक शहरांतील मिठाचीं जुनीं कोठारें. खऱ्या दगडविटांत उभा असलेला खोटा माणूसहि खरा वाटूं लागतो. रात्रीचीं दृश्यें मात्र दिवसाउजेडीं घेऊन मग फीत निळी रंगविलेली आहे. पुढें ज्या नुसत्या काळ्यापांढऱ्या प्रति फिरल्या, त्यांत हा निशाचर भर दुपारीं हिंडतांना दिसे. आणखी एक गंमत. मूळ कादंबरींतला ड्रॅक्युला दिवसाहि फिरूं शकतो. सूर्याच्या किरणांनीं पिशाच्च नाहींसें होतें, ही कल्पना ह्या चित्रपटानें आणली, आणि पुढच्या साऱ्या रक्तपिपासूंना ती चिकटली.

दुसरें कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे वेताळ आहे, मुंजा आहे, हडळ आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज पंडितानें १८७० सालीं वेताळाच्या गोष्टी इंग्रजींत नेल्या, तेव्हां आपल्या वेताळालाहि त्यानें ह्याच रक्तपिपासु जातींत घातलें. मला तें पटत नाहीं. आपलीं भुतें जागा धरून असतात. पिंपळ, विहीर, गांवची शीव; ती वाट टाळली कीं तुम्ही सुटलां. हा ऑर्लोक मात्र कागदावर सही करून, रोख पैसे मोजून तुमच्या समोरचें घर घेतो. तो जहाजानें येतो. बरोबर मातीनें भरलेल्या शवपेट्या, आणि त्या मातींत उंदीर. एकामागून एक खलाशी मरतात, कप्तान स्वतःला सुकाणूशीं बांधून घेतो, आणि तें मुडद्यांचें जहाज मुकाट्यानें बंदरांत शिरतें.

उंदीर पाहिले मात्र, आणि मला माझी आजी आठवली. ती प्लेगच्या सालांत वाढलेली. घरांत उंदीर मरून पडला कीं लोक घरेंदारें सोडून शेतांत झोपड्या घालून राहत. 'उंदीर पडला' हे दोन शब्द ती म्हातारपणींहि दबक्या आवाजांत उच्चारी. १८९७ सालीं विलायतेंत ती कादंबरी छापून निघाली, त्याच सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला होता. विस्बोर्ग गांवींहि प्लेगच येतो. सरकारी माणूस ढोल वाजवून दवंडी देतो : संशयित रोग्यांना इस्पितळांत नेऊं नये, घरींच ठेवावें. एकेक खिडकी बंद होते. एक माणूस दारांवर खडूनें फुल्या काढीत जातो. घाबरलेले लोक कोणाला तरी दोषी धरायचें म्हणून एका वेड्याच्या मागें दगड घेऊन लागतात. आणि एलेन आपल्या खिडकींतून पाहते, तों अरुंद रस्त्यानें शवपेट्या येत आहेत, एकीमागून एक.

श्रोतेहो, येथें मीं नातीला चित्रपट थांबवावयास सांगितलें. पाणी हवें असें म्हणालों, परंतु तें खरें नव्हतें.

२०२० सालच्या साथींत आमच्या इमारतींतील एका गृहस्थांच्या दारावर असाच एक कागद चिकटविला गेला होता. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळीं आम्ही दोघें बुद्धिबळें खेळत असूं. एके दुपारीं त्यांना नेण्यास गाडी आली. मी खिडकींत पडद्याआड उभा होतों. गाडींत चढण्यापूर्वीं त्यांनीं मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलें, आणि मी मागें सरकलों. दूर राहणें हा नियम होता, आणि तो योग्यहि होता. परंतु मागें सरकण्याचा नियम कोणीं केला नव्हता. हात वर केला असता तर कोणता रोग जडणार होता? ते बरे होऊन परत आले. आमचा खेळहि पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट मात्र आम्हां दोघांत कधीं निघाली नाहीं.

थोड्या वेळानें आम्ही शेवट पाहिला. नवऱ्यानें मना केलेलें तें पुस्तक एलेन वाचते. निर्मळ मनाची एखादी स्त्री स्वतः होऊन त्या पिशाच्चाला पहांटेपर्यंत थोपवून धरील, तरच गांव वांचेल, असें त्यांत असतें. समोरच्या घरांत तो उभाच आहे. साऱ्या गांवाच्या खिडक्या मिटलेल्या असतांना ती आपली खिडकी उघडते. कोंबडा आरवतो, ऊन आंत येतें, आणि तें भूत धूर होऊन जातें. पण एलेनहि वांचत नाहीं. साथीच्या दिवसांत कोणीं असें करावें असें मी म्हणत नाहीं. ती कथा आहे. तथापि मला तिच्यांत खरी भीति दिसली ती त्या नखांची नव्हे, मिटलेल्या खिडक्यांची.

दुसऱ्या दिवशीं डाव मांडण्यापूर्वीं मीं त्या गृहस्थांना सारें सांगितलें. ते बराच वेळ सोंगट्या लावीत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, पडदा हालला तो मला दिसला होता. वर कोणीतरी आहे, एवढ्यावरच मी त्या गाडींत बसलों."

माझी चूक ह्यानें धुऊन गेली असें मी समजत नाहीं. त्यांनीं मोठ्या मनानें ती पदरांत घेतली, इतकेंच. त्या संध्याकाळपासून माझ्या खिडकीचा पडदा मीं काढून ठेवला आहे.