वार कचऱ्यात टाकण्याआधी
(मारुंजी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



सातव्या महिन्यातच बाळ झालं, किलोभर भरलं, की घरात पहिला जाब कुणाला विचारतात? बाईला. काय उचललंस, कुठं घसरलीस, ग्रहणात काय चिरलंस? इथं मारुंजी-हिंजवडीत बांधकामावर विटा वाहणाऱ्या, कंपन्यांत साफसफाई करणाऱ्या बाईला तर ‘कामाला जाऊ नको म्हटलं होतं’ हेही ऐकावं लागतं. खोलीचं भाडं तिच्या पगारातून जात होतं, तेव्हा असं कुणी म्हटलेलं नसतं.

खरं कारण पुष्कळदा वारेत असतं. गावाकडे वार पुरतात, दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाते.

होतं असं, की योनिमार्गातले जंतू वर चढून बाळाभोवतीच्या पडद्यांत आणि वारेत शिरतात. शरीर त्यांच्याशी लढतं, तिथं दाह होतो. त्या दाहातूनच वेळेआधी कळा सुरू होतात, पाणमोट फुटते. बाळ जितकं लवकर जन्मतं, तितका वारेत असा दाह सापडण्याचा संभव जास्त. कुणाला ताप येतो, घाण वासाचं पाणी जातं. पण बऱ्याच जणींना काहीच जाणवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वार तपासली तरच कळतं. दाह नाळेपर्यंत पोचला, तर बाळही त्यात सापडलेलं असतं. दीड किलोच्या आतल्या बाळाची फुप्फुसं, मेंदू कोवळे. त्याला जंतुसंसर्गाचा, श्वासाच्या जुनाट त्रासाचा, मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. प्रत्येक बाळाला हे होतंच असं नाही, हेही घरी जाऊन सांगा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ मध्ये अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत केला. बहुतेक मुलं शिकली, वाढली. अभ्यासात काहीशी मागे राहिली. म्हणजे अशा बाळाची काळजी काचेच्या पेटीतून बाहेर काढल्यावर संपत नाही. पण पुढच्या तपासण्यांना त्याला घेऊन जाणार कोण? खाडा कुणाचा पडणार? तिचाच.

आता जंतूंविषयी. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी ६५० बायका तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेली होती जेमतेम आठ जणींची. अंगावरून पांढरं जाणं हे बाईचं भोगणं मानून आपण गप्प बसतो. त्यात साइटवर संडास नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून ठेवणं. गरोदरपणी लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. तेव्हा ठेकेदाराकडे संडास मागणं ही बाळंतपणाचीच मागणी आहे!

म्हणून पांढऱ्या पाण्याला वास येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर तपासून घ्या. दिवस भरण्याआधी पाणी गेलं, तर घरी वाट पाहू नका. बाळ फार लवकर झालं, तर ‘वार तपासायला पाठवा’ असं स्पष्ट सांगा, अहवालाची प्रत मागा. बाळाच्या डॉक्टरांना तिचा उपयोग होतो, पुढच्या खेपेला आपल्यालाही. आणि सासूबाईंना दाखवायला कागद मिळतो.

अकाली बाळंतपणामुळे बाई आजारी पडली, तर महिनाभरापर्यंत जादा पगारी रजा १९६१ च्या कायद्यानं दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. ठेकेदाराकडून ती कुणाकुणाला मिळाली? हात वर करा बरं.